स्वमग्न मूल आणि त्याचे ताट

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम हा शब्द आता आपल्या भागात नवा राहिलेला नाही. हाक मारली तरी वळून न पाहणारे, नजरेला नजर न देणारे, बोलायला उशीर लागलेले, खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे चाकच तासन्‌तास फिरवणारे मूल दिसले की घरचे लोक लवकर चौकशी करतात. ही चांगली गोष्ट आहे. पण निदानाचा कागद हातात पडला की आठ-दहा दिवसांत दुसरा एक कागद घरात येतो, तो आहाराचा. गहू बंद, दूध बंद, मग मूल तीन महिन्यांत बोलू लागेल, असे त्यावर लिहिलेले असते. देवपुरातील माझ्या दवाखान्यात असे कागद घेऊन पालक येतात आणि एकच विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, हे करू का?’’ आज त्याचेच उत्तर.

ही कल्पना आली कोठून?

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. त्या मुलांपैकी अनेकांना तान्हेपणापासून खाण्याच्या अडचणी होत्या, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. पुढे १९७९ च्या सुमारास एक तर्क मांडला गेला. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते, दुधात केसिन. ही प्रथिने नीट पचली नाहीत तर त्यांचे तुकडे रक्तातून मेंदूपर्यंत जातात आणि अफूसारखा परिणाम करतात, असा तो तर्क. ऐकायला पटतो. म्हणून गहू आणि दूध दोन्ही वर्ज्य करण्याची पद्धत जगभर पसरली.

तर्क पटला तरी तो पडताळून पाहावा लागतो. अमेरिकेतील रोचेस्टर येथे १४ लहान मुलांना काही आठवडे गहू-दूध पूर्ण बंद ठेवले. मग खाऊमधून कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही, असे दिले. कोणत्या दिवशी काय दिले हे पालकांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नव्हते. मुलांच्या वागण्यात, झोपेत किंवा पोटात काही फरक आढळला नाही. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही अभ्यासांत थोडा फायदा दिसला हेही खरे. पण त्यांत कोणाला कोणता आहार चालू आहे हे पालकांना ठाऊक होते. इंग्लंडच्या ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे की, स्वमग्नतेची मूळ लक्षणे कमी करण्यासाठी असे वर्ज्य आहार वापरू नयेत.

मग काहींना गुण का येतो?

‘‘आमच्या नात्यातल्या मुलाला फरक पडला,’’ असे सांगणारे पालक खोटे बोलत नाहीत. पण फरक कशाने पडला ते पाहावे लागते. बरीच स्वमग्न मुले दिवसभर दूध आणि बिस्किटांवरच असतात. दूध अर्ध्या लिटरच्या वर गेले की भूक मरते, जेवण होत नाही, रक्तातले लोह कमी होते आणि मलावरोध होतो. पोट दुखते आहे हे या मुलांना सांगता येत नाही. मग ते रडते, डोके आपटते, रात्री उठून बसते. दूध-बिस्किटे थांबली की शौचास साफ होते, दुखणे थांबते, मूल शांत झोपते. घरच्यांना वाटते स्वमग्नता कमी झाली. खरे म्हणजे पोट बरे झालेले असते. ते करायला सगळे वर्ज्य करावे लागत नाही.

वर्ज्य करण्यात नुकसान काय?

‘‘आपल्याकडे भाकरी आहेच, गहू सोडायला काय जाते?’’ असे कोणी म्हणेल. आपल्या ज्वारी-बाजरीत, कळण्याच्या भाकरीत ग्लुटेन नाही हे बरोबर. पण रवा, शेवया, खारी, टोस्ट आणि मैदा मिसळलेला बाजारचा हिंगसुद्धा गव्हातच मोडतो. दुधाचा हिशोब तर फार अवघड आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज साधारण ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ३०० मिलिलिटर दुधातून त्यातले ३५० च्या आसपास मिळते. ज्वारीच्या एका भाकरीतून जेमतेम १५. दूध काढायचे तर तीळ आणि नाचणी रोज पोटात गेली पाहिजे. नवा पदार्थ पाहून तोंड फिरवणारे मूल ते खाईल का?

साडेचार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. तो मोजून सहा पदार्थ खात असे: पोळी, दूध, दही-भात, एकाच कंपनीचे बिस्किट, केळे आणि बटाट्याचे वेफर्स. कोणीतरी दिलेल्या कागदावरून घरच्यांनी पोळी, दूध, दही, बिस्किट बंद केले. त्याने त्याऐवजी भाकरी धरली नाही. दोन केळी आणि वेफर्सवर त्याने तीन आठवडे काढले. वजन १४ किलोवरून १३ वर आले. सोबत मागवलेल्या पावडरींचा खर्च असा होता की धुळ्याला उपचाराला येण्याच्या फेऱ्या बंद पडल्या. पोळी-दही परत सुरू केले, दूध दोन कपांवर ठेवले, मलावरोधाचे औषध दिले, लोह तपासून कमी निघाले तेही सुरू केले. सात महिन्यांनी तो अकरा पदार्थ खात होता. बोलणे अजून चार-पाच शब्दांचेच होते. पण रात्रीची झोप लागत होती आणि वाचाउपचाराला तो बसू लागला होता.

म्हणून माझे सांगणे एवढेच: ज्या मुलाच्या ताटात आधीच सहा पदार्थ आहेत, त्यातले चार काढू नका. सातवा कसा येईल ते पाहा.

ताट कसे वाढवावे?

१) आवडत्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ चिमूटभर ठेवा, वेगळ्या वाटीत. खाल्लाच पाहिजे असा आग्रह नको. आधी पाहील, मग हात लावेल, हुंगेल. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कधी तोंडात जाईल.

२) एका वेळी एकच बदल करा. कुरकुरीत आवडत असेल तर बिस्किटावरून खाकरा, खाकऱ्यावरून भाजलेला बिबडा, मग कडक भाकरीचा पापुद्रा. नरम आवडत असेल तर दही-भातावरून पातळ खिचडी.

३) बिस्किटे पुड्यातून न देता डब्यातून द्या. नाहीतर पुड्याचा रंग बदलला तरी मूल खाणे सोडते.

४) आवडत्या पदार्थात औषध लपवू नका. चव कळली तर तो पदार्थही हातचा जाईल.

५) जेवणाच्या वेळा ठरवा. मध्ये दूध, चहा, वेफर्स नकोत. जेवणाबरोबरच्या चहाने लोह कमी शोषले जाते.

६) पाणी, पिकलेले केळे, पपई द्या. मलावरोध आठवडाभर राहिला तर दाखवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वजन वाढत नसेल, चेहरा पांढुरका असेल, मूल माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दिवेलागणीला ते चाचपडत असेल तर वाट पाहू नका. फार मर्यादित खाणाऱ्या स्वमग्न मुलांत क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने दृष्टीदोष झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. वारंवार जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ असेल तर सिलिअ‍ॅक हा गव्हाचा खरा आजार असू शकतो. त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी. आधी गहू सोडला तर तपासणी फसवी येते. आजार निघाला तर मात्र गहू कायमचा बंद, हे औषधच आहे.

स्वमग्नतेवर उपयोग होतो तो वाचाउपचार, व्यवसायोपचार, वर्तनप्रशिक्षण आणि घरच्यांनी मुलाशी रोज केलेला खेळ यांचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुले तपासतात आणि गरज असलेल्यांना जिल्हा केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीताईंकडे चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रही काढून घ्या.

आणि हो, सासूबाईंनी सुनेला ‘‘तू डोहाळ्यात अमुक खाल्लेस म्हणून असे झाले’’ असे म्हणू नये. आईच्या डोहाळ्यांनी मूल स्वमग्न होत नाही. त्या आईला बोलण्यापेक्षा दिवसातले एक जेवण तुम्ही भरवा. तिला तेवढी विश्रांती मिळेल आणि नातवालाही नवा हात ओळखीचा होईल.