नागपूर ते हैदराबाद : थांबायचे कोठे?

झिरो माईलजवळच्या षटकोनी दगडावर चहूकडच्या गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. त्यांत हैदराबाद ३१८ मैल असे लिहिले आहे. कॉलेजला येताजाता बसच्या खिडकीतून मी हा दगड गेली दोन वर्षे पाहते आहे. पण उतरून जवळून वाचला तो यंदाच. कारण यंदा आमच्या भूगोल विभागाची सहल हैदराबादला न्यायचे ठरले आणि मार्ग आखण्याचे काम माझ्याकडे आले. हे काम माझ्या हुशारीमुळे मिळाले असा कोणाचा समज होऊ नये. माझ्या वडिलांनी याच रस्त्यावर सव्वीस वर्षे ट्रक चालवला, संत्र्याच्या पेट्या हैदराबादपर्यंत पोचवल्या, हे सरांना ठाऊक होते. एवढेच.

पहिल्याच बैठकीत मतभेद झाला. बहुतेकांचे म्हणणे असे की रात्री दहाला निघावे, झोपावे, सकाळी चारमिनारसमोर डोळे उघडावेत. पैसा वाचतो, मुक्काम वाचतो. मी विरोध केला. नागपूर २१ अक्षांशाच्या जरा वर आणि हैदराबाद साडेसतराच्या आत. म्हणजे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ चार अक्षांश घोरत ओलांडायचे! यावर सगळे हसले आणि सर म्हणाले, "मग दिवसाचा मार्ग आखून आण. पण प्रत्येक थांब्याचे कारण लिहून आण." ते कारण शोधताना जे हाती आले, ते या लेखात मांडते.

हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ होता, वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा. २०१० मध्ये महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि हा श्रीनगर-कन्याकुमारी अशा ४४ क्रमांकाच्या मार्गाचा भाग झाला. माझे वडील अजून "सात नंबर"च म्हणतात. नकाशात पाहिले तर तो ७८ रेखांशाच्या आसपास राहून दक्षिणेकडे उतरतो. हीच रेषा डोळ्यांसमोर ठेवून विल्यम लॅम्बटनने भारताची मोजणी केली होती. १८०२ साली त्याने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि पुढे वीस वर्षे अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला येताना, २० जानेवारी १८२३ रोजी, तो हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे अपुरे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. शिखराला नाव मिळाले एव्हरेस्टचे. लॅम्बटन मात्र आपल्यापासून पाऊण शंभर किलोमीटरवर मातीत पडून आहे आणि वर्गात एकालाही ते माहीत नव्हते. मलाही नव्हते.

म्हणून पहिला थांबा हिंगणघाट. एका रविवारी मी मैत्रिणीला घेऊन एस.टी.ने आधीच जाऊन आले. "लॅम्बटनची कबर" म्हणून विचारले तर कोणी मान वर करीना. शेवटी एका म्हाताऱ्या पानवाल्याने "सायबाची कबर म्हना ना" म्हणून रस्ता दाखवला. जुनी, साधी कबर. पाहायला पाच मिनिटे पुरतात. पण झिरो माईल हादेखील याच मोजणीचा खूणदगड आहे. सकाळी तो पाहून निघावे आणि दोन तासांनी मोजणाऱ्याच्या कबरीपाशी उभे राहावे, यात धड्याची पाने जिवंत होतात असे मला वाटते. शिवाय डिसेंबरात हिंगणघाटचा बाजार कापसाने पांढरा झालेला असतो. येथल्या 'बनी' जातीच्या लांब धाग्याच्या कापसाचे नाव गेल्याच्या गेल्या शतकात पार विलायतेपर्यंत पोचले होते. कापसाच्या गाड्यांची रांग पाहायला कोणी तिकीट लावत नाही.

येथे एक अडचण सांगितली पाहिजे. रस्ता चौपदरी झाल्यापासून गावे बाजूला पडली. पूर्वी हमरस्ता गावाच्या पोटातून जात असे. आता गावाला वळसा घालून जातो. उड्डाणपुलाखाली गाव आहे हे पाटीवरून कळते. पाच-दहा मिनिटे वाचतात, अपघात कमी होतात, हे खरेच आहे. पण रस्त्यावर चहा, भजी, संत्री विकून जगणारी माणसे गावातच राहिली आणि गिऱ्हाईक वरून निघून गेले. त्यामुळे आता लहान गाव आपोआप भेटत नाही. ते ठरवून, बाह्यवळण सोडून, आत शिरूनच पाहावे लागते. माझ्या आराखड्यात म्हणून एक अट आहे : जेवण हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात न घेता गावात शिरून घ्यायचे.

हिंगणघाटच्या अलीकडे जाम लागते. तेथे चंद्रपूरचा रस्ता फुटतो. त्या बाजूला आनंदवन, भद्रावतीची लेणी, चांद्याचा गोंडकालीन किल्ला अशी एकाहून एक स्थळे आहेत. पण ती स्वतंत्र सहल होईल. जामहून समुद्रपूरकडे आत गेले की गिरडची टेकडी. शेख फरीदबाबांच्या दर्ग्याच्या या टेकडीवर गोल गोल खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले, अशी कथा; भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट वर्गातले खनिज म्हणते. मला दोन्ही आवडतात. तरीही गिरड मी खोडले. आत जाऊन परत येण्यात सकाळ संपते, आणि डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे विसरून आखलेली सहल अंधारात पाट्या वाचत फिरते.

पुढे वडनेर मागे पडले की वर्धा नदी, मग पांढरकवडा, मग पाटणबोरीनंतर पैनगंगा. या नद्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या रस्त्याचे खरे सौंदर्य तेथे आहे. हिंगणघाटची वेणा वर्धेला मिळते. वर्धा आणि पैनगंगा चंद्रपूर जिल्ह्यात एकत्र येतात. ती वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. आपली नाग नदीसुद्धा कन्हान आणि वैनगंगा यांच्या वाटेने तेथेच जाते. म्हणजे आपण नागपूरहून निघून जे जे पाणी ओलांडतो ते सारे एकाच नदीकडे चाललेले असते. आणि निर्मलच्या पुढे, सोनच्या पुलावर, आपण त्या नदीलाच ओलांडतो. आपल्या नद्यांचे पाणी तिला मिळते ते मात्र तेथून कितीतरी खाली. हे कळल्यावर मला प्रत्येक पुलावर उतरावेसे वाटू लागले. पुलावर बस थांबवता येत नाही, थांबवूही नये. अलीकडच्या फाट्यावर उतरून नदीकाठी जाता येईल असे दोनच थांबे धरले आहेत, वर्धा आणि पैनगंगा.

पांढरकवड्यात दुपारचे जेवण आणि केळापूरच्या जगदंबेचे दर्शन. जवळच टिपेश्वर अभयारण्य आहे. तेथे मोठी बस नेऊन भागत नाही, वेगळी वाहने आणि वेगळा खर्च लागतो, म्हणून ते वगळले. मात्र बसमध्ये सांगायला एक गोष्ट राखून ठेवली आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ गळ्यात रेडिओपट्टा घेऊन निघाला आणि पैनगंगेपलीकडच्या तेलंगणातूनही फिरत फिरत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याचा मार्ग कोणी आखला नव्हता.

पैनगंगा ओलांडली की तेलंगण. पहिला मुक्काम आदिलाबाद. पाट्यांची लिपी बदलते, पण बाजारात मराठी चालते. त्याचे कारण आपल्या इतिहासाच्या तासाला सापडेल : १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपले किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सहल पौष अमावस्येच्या सुमारास असती तर केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मी बाकीचे सगळे थांबे सोडले असते. मेश्राम कुळातल्या गोंडांची ही जत्रा आहे, आणि नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंडच होता. पण परीक्षेचे वेळापत्रक नागोबाला विचारून लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरडीगोंडापासून आत, कडम नदीवरचा कुंटाला धबधबा. उंची सुमारे ४५ मीटर. चारशेच्या आसपास पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात, हे उत्साही मंडळींनी ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात तो पूर्ण भरात असतो, पण तेव्हा खडक निसरडे असतात. डिसेंबरात धार बारीक होते. मला ती चालेल. पाण्यात कोणीही उतरायचे नाही, ही अट मी ठळक अक्षरांत लिहिली आहे. तेथे जीव गेलेले आहेत.

दुपारनंतर निर्मल. पोनिकी नावाच्या हलक्या, पांढऱ्या लाकडातून फळे, पक्षी, जनावरे कोरून रंगवणारे कारागीर येथे आहेत. दुकानातून खेळणे घेऊन निघायचे नसून एक पेरू कसा होतो ते आरंभापासून शेवटपर्यंत पाहायचे, म्हणून येथे मुक्काम. निर्मल ओलांडल्यावर काळी माती हळूहळू मागे पडते. लाल जमीन, ग्रॅनाइटचे एकावर एक रचल्यासारखे धोंडे आणि तळी दिसू लागतात. आमच्या पुस्तकात हे दोन वेगळ्या प्रकरणांत आहे, रस्त्यावर ते एका सकाळीत आहे.

तिसऱ्या दिवशी गोदावरी आणि पोचमपाडचे श्रीरामसागर धरण. २६ जुलै १९६३ रोजी पंडित नेहरूंनी त्याची पायाभरणी केली. त्याच्याच पाणफुगवट्यात वरच्या अंगाला नांदेड जिल्ह्यातला बाभळी बंधारा येतो. दोन राज्यांचा तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. राज्यशास्त्राच्या मुलांना सोबत न्यावे असे मी सुचवले आहे. बासरचे सरस्वती मंदिर मात्र वळसा पडतो म्हणून सोडले. लहान मुलांना पहिले अक्षर गिरवायला तेथे नेतात. आमच्या घरी आजवर कोणाला नेले नव्हते, त्यामुळे मला ते पाहायचे होते. पण स्वतःच्या हौशीसाठी बेचाळीस जणांचे अडीच तास मागणे बरे वाटेना. कामारेड्डीत जेवण, संध्याकाळी हैदराबाद. चौथा दिवस चारमिनारवाल्यांचा.

आणखी दोन गोष्टी, ज्या आराखड्यात सहसा कोणी लिहीत नाही. बसमध्ये बावीस मुली आहेत. कडी लागणारे आणि पाणी असलेले प्रसाधनगृह कोठे आहे, हे प्रत्येक थांब्यावर आधी विचारून घेतले. दोन सुंदर जागा केवळ यासाठी बदलल्या. त्याची मला लाज वाटत नाही. दुसरे म्हणजे, दक्षिणेकडे जाताना सकाळचे ऊन डाव्या खिडकीत आणि दुपारनंतरचे उजव्या खिडकीत येते. म्हणून जेवणानंतर जागा बदलायच्या, म्हणजे भांडण नाही.

सारा आराखडा तयार झाल्यावर मी तो वडिलांपुढे ठेवला. डोळ्यांच्या त्रासामुळे दोन वर्षांपासून ते घरी आहेत. मी एकेक थांबा वाचत गेले आणि ते ऐकत गेले. लॅम्बटनचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. हिंगणघाटला ते शेकडो वेळा थांबले असतील.

"थांबा म्हंजे काय वं?" ते म्हणाले. "टायर फुटला का थांबा, पोलिसानं हात दाखोला का थांबा, झोप आली का थांबा. पाहाले कोन थांबते?"

मी कागद घडी करू लागले. तेव्हा त्यांनी तो परत मागितला, डोळ्यांजवळ धरला आणि निर्मलच्या अलीकडे बोट ठेवले. "हे नाही लिहिलं तू. जुन्या रस्त्याचा घाट. वापस येतानी घाट चढला का इंजिन तापे. रेडिएटरमंधी पानी टाकून बसो आमी वर."

"तेथून काय दिसते?"

"जंगल. थंडीत सकाळी खाली धुकं राह्यते. सूर्य निंगेपर्यंत पाहात बसो." मग जरा थांबून म्हणाले, "क्लीनरले वाटे, इंजिन गार नाही झालं अजून."

आमची बस तो भाग ओलांडेल तेव्हा दुपार झालेली असेल आणि धुके नसेल. म्हणून मी तिसऱ्या दिवशी पहाटे निर्मलहून थोडे मागे, घाटमाथ्यावर जायचे ठरवले आहे. त्यासाठी दक्षिणेकडे जाणाऱ्या नकाशात एक बाण उत्तरेकडे काढावा लागला. सरांनी त्याच्या बाजूला लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले आहे आणि कारण लिहायला सांगितले आहे. ती जागा अजून रिकामी आहे. बाण मात्र मी खोडलेला नाही.