चरबी जाळणारे औषध

शरीरातील चरबी औषधाने जाळता येईल काय? या प्रश्नाला एकदा होकारार्थी उत्तर मिळाले होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल हाताळणारे कामगार घामाघूम होत, रोडावत. काही तीव्र ज्वराने दगावले. १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मॉरिस टेन्टर व विंडसर कटिंग यांनी हेच द्रव्य स्थूल रुग्णांना अल्प मात्रेत दिले. वजन खरोखरच उतरले. अन्नातून मिळणारी ऊर्जा पेशी एरवी साठवून कामी लावतात. या द्रव्यामुळे ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मात्र मात्रा थोडी अधिक झाली की ताप चढतच जातो, आणि त्यावर उतारा नाही. औषध तर चिठ्ठीवाचूनही मिळत असे! पुढे ते घेणाऱ्यांत मोतीबिंदूही आढळू लागले. अखेर १९३८ च्या नव्या कायद्यानंतर ते बाजारातून गेले.

आजची औषधे भट्टी पेटवीत नाहीत. ती भुकेलाच आवर घालतात. २०२१ मध्ये अमेरिकेत वजन घटविण्यासाठी मान्यता मिळालेले सेमाग्लुटाइड हे जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकासारखे कार्य करते. एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु औषध व आहारविषयक मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणे हे औषधही दीर्घकाळ घ्यावे लागण्याचा संभव आहे, हे रुग्णास प्रारंभीच सांगितलेले बरे.