मदत मागितली, तर आलेखाची लायब्ररी कशाला?

प्रश्न: नोंदींचे तक्ते आणि आलेख काढायला मी पायथॉनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला आहे. नुसती मदतीची माहिती मागितली तरी तो सुरू व्हायला रेंगाळतो. तिथे पांडास, मॅटप्लॉटलिब लागतच नाहीत ना?

उत्तर: लागत नाहीत, तरी लोड होतात. पायथॉनमध्ये इम्पोर्टची ओळ आली की ती फाइल शोधली जाते आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवली जाते. त्या फाइलीत आणखी इम्पोर्ट असतील, तर त्याही फायली चालतात. पांडासच्या मागोमाग नमपाय येतं ते असं. तुम्हाला हवी होती दोन ओळींची मदत, आणि तेवढ्यासाठी शेकडो फायली चालल्या. वेळ नेमका कुणी खाल्ला हे अंदाजाने ठरवू नका. 3.7 आवृत्तीपासून पायथॉनला 'इम्पोर्टटाइम' हा पर्याय आहे. तो प्रत्येक मॉड्यूलचा वेळ मायक्रोसेकंदांत छापतो.

जुना उपाय आजही चालतो: इम्पोर्टची ओळ फंक्शनच्या आत लिहायची. ते फंक्शन चाललं तरच लायब्ररी येते.

भाषेतच ही सोय असावी म्हणून 2022 साली पेप 690 हा प्रस्ताव आला. त्यात एक कळ दाबली की प्रोग्रॅममधले बहुतेक इम्पोर्ट लांबणीवर पडणार होते. तो नाकारला गेला, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं. लायब्ररी लिहिणाऱ्याला आपला कोड दोन्ही तऱ्हांनी तपासत बसावं लागलं असतं. 2025 मध्ये मंजूर झालेल्या पेप 810 नुसार 3.15 आवृत्तीत हव्या त्या इम्पोर्टच्या आधी 'लेझी' हा शब्द लिहायचा. मग ते नाव पहिल्यांदा वापरलं जाईपर्यंत मॉड्यूल लोड होत नाही.

पण वेळेबरोबर चूकही पुढे ढकलली जाते. लायब्ररी बसवलेलीच नसेल, तर आज प्रोग्रॅम सुरुवातीलाच थांबतो. उद्या तो अर्ध्या नोंदी लिहून झाल्यावर कोसळेल. शिवाय काही मॉड्यूल्स लोड होतानाच स्वतःची नोंदणी करतात. त्यांचं नाव पुढे कुठे वापरलंच नाही, तर ती नोंदणी होणारच नाही.

तेव्हा मॅटप्लॉटलिबची ओळ आलेख काढणाऱ्या फंक्शनमध्ये हलवा. पांडासची तक्त्यांच्या फंक्शनमध्ये. डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी असेल, तर ती मात्र वरच राहू द्या. ती नसताना प्रोग्रॅम सुरूच न झालेला बरा.