खातं पुसण्याआधी

चिपळूण

चि. सोनूस,


रत्नागिरीच्या घरचा संगणक एका खात्यातून दुसऱ्यात जायला फार वेळ खातो, म्हणून आजीचं खातं काढून टाकायचा तुझा विचार आहे, असं ताई फोनवर म्हणाली. तेवढं मात्र करू नकोस. सेटिंगमधून खातं डिलीट केलं की त्यातल्या फाइलीही जातात. आजीने जमवलेले फोटो आणि टाइप केलेल्या आरत्या परत मिळायच्या नाहीत. आणि मुळात खाती जास्त आहेत हा दोष नव्हे.

'स्विच यूजर' केल्यावर आधीच्या माणसाचं काम बंद होत नाही. ब्राउझर, वर्ड, सगळं रॅममध्ये तसंच उघडं राहतं. तुमची रॅम ४ जीबीची. तिघांचं काम तिच्यात मावेना झालं की विंडोज त्यातलं काही हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि तू परत आलीस की तिथून उचलून आणतं. फिरत्या तबकडीची डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ, म्हणून तू ताटकळतेस.

पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. भाऊजींच्या अ‍ॅडमिन खात्यात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजरच्या 'यूजर्स'मध्ये कुणी किती मेमरी अडवली आहे ते नावानिशी दिसेल. मेमरी काठोकाठ आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दुखणं हेच. पण उघड्या खात्यात चटकन जाता येतं आणि नव्याने साइन इन करतानाच वेळ लागतो, असं असेल तर 'स्टार्टअप'ची यादी तपास. नको ते प्रोग्राम बंद कर; प्रत्येकाच्या खात्यात जाऊन कर, कारण त्यातले बरेच ज्याच्या-त्याच्या खात्यापुरते असतात.

'यूजर्स'मध्येच दुसऱ्याला साइन आउट करायचीही सोय आहे. विचारल्याशिवाय तिला हात लावू नकोस. सेव्ह न केलेलं काम जातं, आणि ते काम तुझं नसतं.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे काम संपलं की प्रत्येकाने सेव्ह करून 'साइन आउट' करायचं. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. तिघांची खाती उघडी असली तर तिघांचंही अर्धवट काम एका फटक्यात जातं. एवढ्याने भागलं नाही तर रॅम ८ जीबी करा, आणि मग डिस्कच्या जागी एसएसडी घाला. डिस्क बदलण्याआधी सगळ्यांच्या फाइलींची प्रत वेगळी काढून ठेव. एका वेळी एकच बदल कर आणि आधी-नंतर घड्याळ लावून वेळ लिहून ठेव, म्हणजे गुण कशाने आला ते नक्की कळेल.

यंत्र अडलं की घरातल्या कुणाची तरी जागा कमी करणं हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. कारण सापडेपर्यंत तो हाती घेऊ नये, एवढं मनाशी ठरव. 'यूजर्स'चा फोटो काढून मला पाठव. पुढचं फोनवर बोलू.

तुझा,
मामा