सहा पाकिटं, एक तास

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या सील्ड स्पर्धेला, म्हणजे बंद पाकिटांतल्या कार्डांवरच खेळायच्या स्पर्धेला, पहिल्यांदा निघालेल्या माणसाला मी एकच गोष्ट आधी सांगतो. पाकिटांत काय निघेल ते तुमच्या हातात नाही. पाकिटं फोडल्यानंतरचा तास मात्र पूर्णपणे तुमचा आहे, आणि स्पर्धेचा निकाल बहुतेक वेळा त्याच तासात ठरतो. तो तास चकचकीत कार्डांच्या नादात वाया घालवणारे इतके खेळाडू मी पाहिले आहेत की हे लिहून ठेवावंसं वाटलं.

मी सिएटलच्या पूर्वेला राहतो. बेलव्ह्यू, रेडमंड या भागात मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातली कितीतरी मुलं हा खेळ खेळतात. खेळही तसा इथलाच. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तो रचला, 1993 साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने बाजारात आणला, आणि या कंपनीचं मुख्यालय आमच्या शेजारच्या रेंटनमध्ये आहे. दर काही महिन्यांनी कार्डांचा नवा संच येतो. तो विक्रीला यायच्या आधीच्या आठवड्यात गावोगावच्या दुकानांत प्रीरिलीज नावाची स्पर्धा होते. आमच्या भागात तिची फी साधारण 30 ते 40 डॉलर असते. त्या पैशांत सहा बंद पाकिटं, तारखेचा शिक्का असलेलं एक चमकतं कार्ड आणि आयुष्याचे गुण मोजायला वीस बाजूंचा फासा मिळतो. हल्लीच्या पाकिटात 14 कार्डं असतात. म्हणजे हाताशी ऐंशीच्या वर कार्डं येतात आणि त्यातून तासाभरात किमान 40 कार्डांचा डेक बांधायचा असतो. लँडची साधी कार्डं हवी तेवढी दुकान देतं. ज्याच्याकडे वीस वर्षांचा संग्रह आहे त्यालाही तो घरी ठेवून यावं लागतं आणि नवख्याशेजारी बसून तशीच सहा पाकिटं फोडावी लागतात. मला हा प्रकार इतर सगळ्या प्रकारांहून आवडतो तो यासाठीच.

आता मूळ मुद्दा. कार्डं पाच रंगांची असतात आणि खेळायला त्या त्या रंगाची लँड लागते. प्रत्येक पाकिटात निदान एक रेअर, म्हणजे दुर्मिळ, कार्ड निघतं. ही सहा रेअर एकाच रंगाची जवळजवळ कधीच नसतात. माझ्या एका स्पर्धेत तीन उत्तम रेअर निघाली आणि तिन्ही वेगवेगळ्या रंगांची होती. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाचंही तसंच झालं होतं. त्याने तिन्ही रंग घेतले. मी दोन रंग घेतले आणि सगळ्यात भारी कार्ड बाजूला ठेवलं. त्याचा डेक कागदावर माझ्यापेक्षा कितीतरी सरस होता, पण सामन्यामागून सामना त्याच्या हातात लाल कार्डं अडकून पडत आणि टेबलावर लाल लँड नसे.

घरी येऊन मी त्याचा हिशेब मांडला. 40 कार्डांत 17 लँड धरा. दोन रंगांना त्या 9 आणि 8 अशा वाटल्या, तर हातात आलेल्या पहिल्या 10 कार्डांत दोनपैकी एखाद्या रंगाची लँड मुळीच नसण्याची शक्यता सुमारे 13 टक्के येते. तीन रंगांना 6, 6 आणि 5 अशा वाटल्या, तर तीच शक्यता 46 टक्क्यांवर जाते. जवळजवळ निम्म्या वेळा तुमचा एक रंग हातातच अडकणार. तिसऱ्या रंगाचं एखादंच कार्ड घ्यायचं असेल, तर ते खेळाच्या उत्तरार्धात कामाला येणारं घ्या आणि त्यासाठी दोन-तीन लँड काढून ठेवा. त्यापुढे जाऊ नका.

डेक बांधायला बसलात की रेअर कार्डं आधी बाजूला सारा. रंगांचे गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यात दोन गोष्टी मोजा. समोरच्याचा प्राणी मैदानातून काढून टाकणारी कार्डं किती, आणि दोन-तीन माना, म्हणजे लँडमधून मिळणारी ताकद, खर्चून उतरणारे प्राणी किती? ज्या दोन रंगांत हे दोन्ही भरपूर आहे ते तुमचे रंग. घरात जे सामान आहे त्यावरच आजचा स्वयंपाक करायचा, असा हा मामला आहे. मग निवडलेली कार्डं किमतीप्रमाणे ओळीने मांडा. सहा-सात मानाची कार्डं चारच्या वर जात असतील तर कमी करा, नाहीतर ती हातात घेऊन बसाल आणि समोरचा तोवर तुमचे आयुष्याचे वीस गुण संपवेल. उडणाऱ्या प्राण्यांना या स्पर्धेत फार मोल आहे, कारण जमिनीवरचे प्राणी एकमेकांसमोर अडून बसतात आणि सामना वरून जिंकला जातो. आणि 40 म्हणजे 40. एकेचाळिसावं कार्ड घातलं की तुमचं सर्वोत्तम कार्ड हाती येण्याची शक्यता तेवढी घटते.

एवढं करूनही नशीब आहेच. 17 लँडच्या डेकात सुरुवातीच्या सात कार्डांत एक किंवा शून्य लँड, नाहीतर सहा-सात लँड, असा हात साधारण आठात एकदा येतो. अशा हातावर "येईल पुढे" म्हणून खेळू नका. 2019 पासून मलिगनचा, म्हणजे नकोसा हात बदलण्याचा, नियम बराच दयाळू झाला आहे: पुन्हा पूर्ण सात कार्डं उचलायची आणि त्यातलं नकोसं एक डेकच्या तळाशी ठेवायचं. सहा चांगली कार्डं सात वाईट कार्डांपेक्षा केव्हाही बरी.

प्रीरिलीजचा आणखी एक नियम अनेकांना ठाऊक नसतो. न वापरलेली सगळी कार्डं तुमची राखीव असतात आणि दोन डावांच्या मधे डेक हवा तसा बदलता येतो. पहिली फेरी हरलात तर उदास होऊन मोबाइल बघत बसू नका. कोणती कार्डं हातात पडून राहिली ते आठवा आणि ती बदला.

टेबलावरच्या माणसांबद्दलही सांगायला हवं. बहुतेक खेळाडू मनमोकळे असतात, नवख्याला चाल परत घेऊ देतात. पण नवा संच म्हणजे सगळीच कार्डं अनोळखी. एकदा समोरच्याने आपलं कार्ड वाचून दाखवलं आणि शेवटची अट वाचलीच नाही. मी कार्ड मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. ती अट पाहिल्यावर त्याची चाल उभीच राहत नव्हती. कदाचित त्याच्याही लक्षात नसेल आलं. म्हणून समोरचं प्रत्येक अनोळखी कार्ड हातात घेऊन वाचा आणि शंका आली की हात वर करून जजला बोलवा. जजला बोलावणं म्हणजे कुणावर आरोप करणं नाही. आपल्याकडे भिडेपोटी लोक गप्प बसतात, मुलं तर हमखास. ही भीड इथे सोडा.

वेळेचंही तसंच. फेरी 50 मिनिटांची असते. वेळ संपली की पाच पाळ्या मिळतात आणि तरीही निकाल लागला नाही तर बरोबरी होते. जिंकल्यास 3 गुण, बरोबरीला 1. एका सामन्यात समोरचा प्रत्येक पाळीला इतका विचार करत बसला की एक-एक डावाच्या बरोबरीवरच वेळ संपली आणि दोघांचंही नुकसान झालं. खेळ रेंगाळतोय असं वाटलं की लगेच शांतपणे सांगा. फरक पडला नाही तर जजला बोलवा. शेवटच्या पाच मिनिटांत तक्रार करून काही उपयोग नसतो.

पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती भल्या माणसालाही अडचणीत आणते. शेवटच्या फेरीत एका खेळाडूने मला सुचवलं, "तू हा सामना मला सोड, बक्षिसाची निम्मी पाकिटं तुझी." त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. मित्रामित्रांत असंच चालतं, असं त्याला वाटलं होतं. मी नाही म्हटलं आणि जजला बोलावून नियम विचारला. बक्षीस आपसात वाटून घ्यायला हरकत नाही, स्वतःहून हार मानायलाही हरकत नाही. पण निकालाच्या बदल्यात काही देऊ करणं ही लाच आहे आणि त्याबद्दल स्पर्धेतून बादही केलं जाऊ शकतं. नाणं उडवून किंवा फासा टाकून निकाल ठरवणंही तितकंच निषिद्ध आहे. मुलांना हे घरून निघतानाच सांगा. समोरच्याने असं काही सुचवलं तर "हो" म्हणू नका, हसण्यावारी नेऊ नका, जजला बोलवा.

आणि कार्डांची अदलाबदल. साधारण बारा वर्षांच्या एका मुलाला पाकिटात फार मागणीचं कार्ड लागलं. दुसरी फेरी संपायच्या आत एक मोठा माणूस आपली कार्डांची वही घेऊन त्याच्याकडे आला आणि त्या एका कार्डाच्या बदल्यात मूठभर चमकती कार्डं द्यायला लागला. मुलगा हरखून गेला. दहा कार्डं म्हणजे एकापेक्षा जास्तच, असा त्याचा साधा हिशेब होता. त्या कार्डाची किंमत त्या सगळ्या मुठीच्या कितीतरी पट होती. मी मधे पडलो, मुलाच्या वडिलांना बोलावलं आणि फोनवर भाव पाहायला सांगितला. तो माणूस काही न बोलता निघून गेला. त्याने नियम मोडला नव्हता, पण मला ते अजूनही खटकतं. अदलाबदल करण्याआधी दोन्ही बाजूंची किंमत फोनवर पाहायची, आणि मूल असेल तर पालक शेजारी असल्याशिवाय करायचीच नाही, हा नियम घरात घालून द्या. नव्या संचाचे भाव पहिल्या दिवसांत चढलेले असतात आणि बहुतेक कार्डांचे पुढच्या काही आठवड्यांत उतरतात. त्यामुळे महाग कार्ड लागलं आणि ठेवायचं नसेल, तर लवकर पण शांतपणे विका. डेकचा डबा टेबलावर टाकून पाणी प्यायला जाऊ नका, त्याच्यावर नाव आणि फोन नंबर लिहा.

हरल्यानंतर काउंटरवर जाऊन आणखी पाकिटं घेणारे मला सर्वांत जास्त काळजीत टाकतात. लाल लँडसाठी तळमळणारा तो मुलगा त्या रात्री एकामागून एक पाकिटं विकत घेत होता, काहीतरी भारी निघून दिवस भरून येईल म्हणून. सरासरीने पाकिटातल्या कार्डांचं मोल पाकिटाच्या किमतीपेक्षा कमी भरतं. विशिष्ट कार्ड हवं असेल तर ते सुटं विकत घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. बंद पाकीट फोडण्यात एक ओढ असते आणि ती लॉटरीच्या ओढीहून फार वेगळी नाही. स्पर्धेत ती सहा पाकिटांपाशी थांबते, कारण त्यापुढे खेळ सुरू होतो. काउंटरवर तिला थांबवणारं कुणी नसतं. म्हणून फीचे पैसे खिशात घ्या आणि बँकेचं कार्ड घरी ठेवून या.

तुमची मुलगी किंवा मुलगा पहिल्या स्पर्धेला जाणार असेल, तर त्यांना दाराशी सोडून परत जाऊ नका. दुपारभर तिथे बसा, डेक बांधताना गठ्ठे मांडायला मदत करा, आणि जमलं तर पुढच्या वेळी स्वतःची फी भरून त्यांच्या शेजारी खेळायला बसा.