उन्हावर खारं पाणी गोडं करणारं जेल : बोटीवर कितपत उपयोगी?



आज जरा पाण्याचा अभ्यास करूया. हिडकलला होडी घालणाऱ्या आपल्याला पाणी गाळून, उकळून पिता येतं. पण मालवण-वेंगुर्ल्याच्या बोटींना ड्रम भरूनच न्यावे लागतात. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं आणि ते उकळून जात नाही. पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड केली, तरच गोडं पाणी मिळतं.

जुनी पद्धत : काळ्या तळाच्या पेटीत खारं पाणी ओतायचं, वर तिरकी काच बसवायची. उन्हानं वाफ होते, काचेवर थेंब जमतात आणि पन्हळीत उतरतात. चिली देशात 1872 मध्येच खाणीजवळ असा मोठा प्रकल्प होता. अडचण एकच, जागा. एक चौरस मीटर पेटीतून दिवसाला 3-4 लिटर पाणी मिळतं. सहा खलाशांना माणशी 4 लिटर धरलं तर 24 लिटर झाले. म्हणजे सहा-आठ चौरस मीटर पेटी. डेकवर ती ठेवायची कुठं?

नवीन काय : सब्जाचं बी भिजवलं की भोवती पाणी धरून बसतं ना? हायड्रोजेलचं तसंच असतंय. 2018 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या गुइहुआ यू यांच्या गटानं ऊन शोषणारा काळा पदार्थ मिसळून असं जेल केलं. शास्त्रज्ञांच्या मते जेलच्या जाळीतलं काही पाणी सैल धरलेलं असतं, म्हणून कमी उष्णतेत त्याची वाफ होते. त्यांच्या प्रयोगात खऱ्या उन्हात एका चौरस मीटरमागे दिवसाला 18 ते 23 लिटर पाणी मिळालं. म्हणजे सहा माणसांचं पाणी साधारण एका दाराएवढ्या जागेत!

पण घाई नको :

1. हे प्रयोगातले आकडे आहेत. पावसाळी, ढगाळ दिवसात पाणी कमीच मिळणार.
2. डायपरमधलं जेल म्हणजे हे जेल नव्हे. घरी प्रयोग करून ते पाणी पिऊ नका.
3. डिझेल सांडलेलं पाणी पेटीत घालू नका. डिझेलचा अंश वाफेबरोबर वर येतो.
4. कुणी "जेलचं यंत्र" विकायला आलं तर आधी विचारा : दिवसाला किती लिटर? पाणी तपासल्याचा कागद कुठाय? जेल किती महिने टिकतं?

तोवर ड्रम भरूनच निघा. पाणी संपलं तर मासळी सोडून परत फिरावं लागतं, हे बोटवाल्यांना आम्ही काय सांगावं!

काही शंका असल्या तर खाली लिहा, मिळून समजून घेऊ.