साक्षीदाराला धमकी : कायदा काय सांगतो?

प्रश्न : शेजारणीच्या छळाच्या खटल्यात मी साक्षीदार आहे. तिचा दीर म्हणतो, 'जव्हार कोर्टात काही पाहिलं नाही म्हण, नाहीतर नागलीचं खळं पेटवतो.' काय करू?
– एक वाचक, वावर

उत्तर : खोट्या साक्षीसाठी जिवाची, अब्रूची किंवा मालमत्तेची धमकी देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा ७ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. धमकीचा दिवस, शब्द, ऐकणारे लिहून ठेवा. फोनवरचे रेकॉर्डिंग पुसू नका. जव्हार पोलिसांत तक्रार द्या, सरकारी वकिलांनाही सांगा. तातडीला ११२. भीतीपोटी कोर्टात जाणूनबुजून खोटे बोललात, तर कलम २२९ प्रमाणे तुम्हालाच ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारणीला तुमचाच आधार आहे. खरे तेच सांगा.